समाचाराला येणारी माणसं

रविवार, २० जुलै

आज घरात नुसता बाजार भरला होता. कप कमी पडले. शेवटी दोघांना स्टीलच्या पेल्यात चहा दिला, तर तो त्यांनी असा फुर्र फुर्र करून प्यायला की माझं डोकं उठलं.

होळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक शब्द तेवढा तोंडात राहिलाय, ‘बरं’. पाणी हवंय का, बरं. दुखतंय का, बरं. समाचाराला येणाऱ्यांना हे सोन्याहून पिवळं. कसं काय श्यामसुंदरराव, असं विचारायचं, हे ‘बरं’ म्हणाले की माझ्याकडे बघून माना डोलवायच्या, सुधारणा आहे हं बाई. मग निवांत फरसाण.

दोष ह्यांचाच आहे. आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे हे कित्येक वर्षं सचिव. भांडुपपासून विरारपर्यंत गावचा कोणी आजारी पडला, की हे मोसंब्यांची पिशवी घेऊन हजर. एकाचा म्हणून समाचार चुकवला नाही. आता ते सगळे मोसंबी परत करायला नाहूरला येतायत. ओट्यावर ढीग पडलाय, आणि घरात ज्याला खायला घालायचं त्याला मधुमेह.

पण आमच्या घरून कोणी नाक दाबून गेलं, असं अजून झालेलं नाही. रविवारी जेवणं आटपली की मी ह्यांना तयार करते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग, मानेला कोलन वॉटर. डायपर दोन, एकावर एक. भाड्याच्या कॉटला पायाशी दांडा आहे, तो फिरवला की पाठ उभी राहते. हवेची गादी आणलीय, तिचा पंप सारखा घुरघुरतो आणि दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, म्हणून तेवढा वेळ तो बंद ठेवते आणि वर सोलापुरी चादर घालते. हे खाली घसरत राहतात. मग मालन काखेत हात घालून त्यांना वर ओढते. दिवेलागणीनंतर शेवटचा माणूस जाईपर्यंत हे संस्थानिकासारखे बसलेले असतात. लोळागोळा होऊन पडलेला माणूस मी कोणाला दाखवणार नाही. पडलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मी सासऱ्यांच्या वेळी बघितलंय.

खालच्या मजल्यावरची प्रेमा चप्पल काढायच्या आधी हवा हुंगते. आज हुंगून म्हणाली, तुमच्याकडे अजिबात वास नाही हो बाई. मला तिची किळस आली आणि आनंदही झाला.

बुधवार, २३ जुलै

खरं लिहायचं तर मला ह्यांचीच किळस येते. इथे कोण वाचणार आहे.

शाळेत सुपरवायझर होते तेव्हा रोज सकाळी मी मुलांची नखं आणि कानामागचा मळ बघायची. मळकी मुलं मला लांबून ओळखू यायची. आणि आता माझ्याच घरात लाळ, गळणारी पेज, ओल्या गोधडीचा आंबूस वास. कितीही फिनेल ओता, तो फिनेलच्या खाली बसून राहतो. मी ह्यांना भरवते, औषधं देते, पेपर वाचून दाखवते. कमरेखालचं सगळं मालन करते. ती ब्युरोतून आलेली बाई, दिवसभर असते. मी दारात उभी राहून विचारते, पाठ कशी आहे गं, ती म्हणते, चांगली आहे बाई. तेवढ्यावर माझं भागतं.

आज डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, माकडहाडाकडे लक्ष ठेवा. एकदा कातडी फुटली की ह्यांच्या साखरेत ती भरून यायची नाही, जखम थेट हाडापर्यंत जाईल. अशी माणसं झटक्याने जात नाहीत बाई, त्या जखमेने जातात. एवढं सांगून त्यांनी हात धुतले आणि आमचा टॉवेल न घेता स्वतःच्या रुमालाला पुसले.

म्हणजे त्यांनाही किळस येते. मला जरा बरं वाटलं.

शनिवार, २६ जुलै

ओजस आला होता, माझ्या बहिणीचा मुलगा. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे हक्काचा असा तोच. मुलुंडला एका छोट्या कंपनीत आहे. तिथे त्यांनी एक यंत्र केलंय, अजून बाजारात आलेलं नाही, घरोघरी वापरून बघतायत. टॉर्चएवढं आहे, टोकाला रुपयाएवढी चकती. ती कातडीला टेकवायची, की आकडा येतो. माकडहाडावर एकदा आणि आजूबाजूला दोन-तीनदा. आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. तो पॉइंट सहावर गेला, की आत गडबड सुरू झाली म्हणून समजायचं.

मी विचारलं, गडबड म्हणजे काय. तो म्हणाला, दाबाखाली आतलं मांस मरायला लागतं, तेव्हा आधी तिथे पाणी साचतं. वरून कातडी चांगलीच दिसते. लाल व्हायला अजून दिवस असतात. यंत्र ते पाणी ओळखतं.

‘काका रस्त्याला लोखंडी गज टेकवून कान लावायचे ना गं? पाइप कुठे फुटलाय ते ऐकायला? रस्त्यावर पाणी यायच्या आधी. तसंच आहे हे.’

हे महापालिकेच्या पाणीखात्यात गळती शोधायच्या कामावर होते. ओजस बोलत असताना ह्यांची डावी भुवई वर गेली. ‘बरं,’ म्हणाले.

मग ह्यांना कुशीवर वळवलं आणि ओजस म्हणाला, मावशी तू पण शिकून घे. मला पळून जावंसं वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांची पाठ अशी भर उजेडात बघितली नव्हती. पाठीच्या खालची बाजू तर नाहीच. बूड पार सुकून गेलंय, कातडी लोंबते, मधे ते हाड. मी दोन हातमोजे घातले, एकावर एक, आणि श्वास रोखून चकती टेकवली. फरक पॉइंट चार आला. ठीक आहे म्हणाला.

यंत्र पुसून त्याने हात न धुता चिवड्याच्या डब्यात घातला. सगळा डबा मी नंतर केरात ओतला.

सोमवार, २८ जुलै

काल नेहमीसारखाच बाजार. गोरेगावहून आमचे थोरले दीर धोंडिराम भावजी आले, बरोबर अख्खं खटलं. ते आले की ह्यांच्या डोळ्यांत फरक पडतो हे मान्य केलं पाहिजे. दोघं भाऊ गिरणीच्या चाळीत एका गोधडीत वाढलेले. भावजी गावच्या कोर्टकज्ज्यांचं सांगतात आणि हे डाव्या हाताने त्यांच्या मांडीवर थापा मारत बसतात. पण भावजींना वेळेचं भान नाही. जाता जाता दारात अर्धा तास. तोवर हे पार घसरून एका बाजूला कलले होते आणि त्यांचं ‘बरं’ नुसतं पुटपुटल्यासारखं येत होतं. मालनला खुणावून मी दोनदा वर ओढून घेतलं.

आज सकाळी यंत्र लावलं. पॉइंट सात.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पॉइंट आठ. कातडी बघावी तर स्वच्छ, तांबूसपणा नाही की काही नाही. ओजसला फोन केला, म्हटलं तुझं यंत्र बिघडलंय. तो म्हणाला, मावशी, यंत्र बिघडलेलं असेल तर चांगलंच आहे, पण नसेल तर. रोज काय काय करता सांग. मी सांगितलं, अंघोळ, तेल, पावडर. तेल कसं लावतात? म्हटलं मालन लावते, चोळून चोळून. तो ओरडलाच. हाडावरची जागा चोळायची नाही, आतलं मांस आणखी फाटतं म्हणाला.

मी दारातून मालनला बघितलं. मिश्रीचं बोट तोंडातून काढलं, हात पदराला पुसला, तळव्यावर खोबरेल ओतलं आणि चपाती लाटल्यासारखी ह्यांच्या माकडहाडावर घसाघसा फिरवायला लागली. वर मला म्हणते, रक्त खेळतं बाई यानं. ओकारी यायची बाकी राहिली. त्याच बोटाने हे सगळं रोज चालतं.

मी तिला बंद करायला सांगितलं. ती बरं म्हणाली. पण पालथ्या घड्यावर पाणी, मला माहीत आहे.

सोमवार, ११ ऑगस्ट

काल पुन्हा गर्दी. रक्षाबंधनाच्या निमित्ताने ह्यांच्या चुलतबहिणी राखी घेऊन आल्या, त्या दिवसभर राहिल्या. ह्यांना जेवणानंतर आडवंही करता आलं नाही. राखी बांधताना एक जण रडली आणि नाक पदराला पुसून तिने ह्यांच्या गालाला गाल लावला. शी.

आज पॉइंट नऊ. मी मालनला काढलं.

ब्युरोला फोन करून सांगितलं, बाई घाणेरडी आहे, दुसरी पाठवा. ती शेजारीच उभी होती, पण मला लाज वाटली नाही. एखाद्याच्या घाणीमुळे माझ्या नवऱ्याचा जीव जाणार असेल, तर मी बोलणारच. तिने पिशवी भरली. जाताना ह्यांच्या पायाला हात लावला, तो हात कपाळाला नेला. मला म्हणाली, ‘तेल माझ्या आईनं शिकवलं होतं बाई. मी काय मुद्दाम नाही केलं.’

ती गेल्यावर मी कॉटचे दांडे डेटॉलने पुसले.

रविवार, २४ ऑगस्ट

सुंठीवाचून खोकला गेला. परवापासून सगळे गावी निघालेत गणपतीला. मंडळाच्या बसेस भरून गेल्या, भावजी कालच गेले. आमचाही गणपती गावच्या घरात, भावजीच बसवतात. यंदा प्रथमच हे नाहीत. भावजींनी फोन ह्यांच्या कानाला लावायला सांगितला आणि बराच वेळ काहीतरी बोलले. हे नुसते छताकडे बघत होते.

ब्युरो म्हणतं, चवथीच्या तोंडावर बायका मिळत नाहीत. म्हणजे आता मी आणि हे.

पहिल्या दिवशी डायपर बदलताना मला दोनदा मोरीत जाऊन यावं लागलं. चौथ्या दिवशी एकदाच. लिहायला विचित्र वाटतं, पण माणूस घाणीलाही सरावतो. सकाळपासून एका कुशीवर, मग दुसऱ्या, पाठीला उशी. उगाच कपड्यांचे सोपस्कार नाहीत, बंडी आणि टॉवेल. गादीचा पंप दिवसरात्र घुरघुरतो. घुरघुरू दे, ऐकायला आहे कोण.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

पॉइंट पाच.

मालनला काढलं ते किती योग्य झालं. चोळणं बंद, आणि केमिस्टकडून मी नवीन पावडरही आणलीय. ओजसला कळवलं तर त्याने फोनवर टाळ्यांची चित्रं पाठवली.

नाहूर एवढं शांत असतं हे मी विसरले होते. अर्धी इमारत गावी. दुपारी ह्यांच्या तोंडासमोर खुर्ची ओढून बसते. हे भिंतीकडे तोंड करून असतात, तेव्हा मधल्या चिंचोळ्या जागेत खुर्ची मावत नाही, म्हणून मी दुसऱ्या कुशीची वाट बघते. काल मोबाइलवर गावच्या आरतीचं चित्रण आलं. झांजा ऐकून हे रडायला लागले. तोंड वाकडं, नाकातून शेंबूड, लाळ. मी पुसलं. हातमोजे घालायचे राहून गेले हे मग लक्षात आलं.

मंगळवार, २ सप्टेंबर

पॉइंट तीन! यंत्र आल्यापासून इतका कमी कधी नव्हता. पावडरीचा गुण आहे. प्रेमाला नाव लिहून दिलं, तिच्या सासूलाही लागेल.

शनिवार, ६ सप्टेंबर

गावची मंडळी परतली. कालपासून रांग. खाजा, लाडू, नारळ, गणपतीचा अंगारा, आणि सगळ्यांना सगळं सांगायचंय. ह्यांना एकेक मोदक भरवायला निघालेले, मी मधे पडले म्हणून वाचले.

काल सकाळी पहिल्यांदा बेल वाजली तेव्हा हे बंडीवर होते, टॉवेल घसरलेला. दार न उघडता आधी वॉचमन सीतारामला फोन करून मागच्या जिन्याने वर बोलावलं आणि दोघांनी मिळून ह्यांना बसवलं. शर्ट घातला. सीतारामच्या हाताला तंबाखूचा वास होता. बाहेरची माणसं दहा मिनिटं ताटकळली. ताटकळू देत.

आज तर सकाळपासूनच. दुपारी वाटलं जरा आडवं करावं, तर चिपळूणकडचे आले. हे हसत होते. सगळ्यांकडे बघून बरं, बरं. मग मग नुसतं बघत राहिले. मी कानात विचारलं, बसवतंय ना? ‘बरं.’

रविवार, ७ सप्टेंबर

संध्याकाळी ओजस आला. प्रेमा आणि तिच्या नणंदा तेव्हाच उठून गेल्या होत्या. मी कपबश्या गोळा करत होते. तो म्हणाला, आलोच आहे तर बघतो. कॉट खाली केली, शर्ट काढला, ह्यांना वळवलं, सोलापुरी चादर ओढली, दोन डायपर सोडले. ह्यांच्या पाठीवर चादरीच्या रेघा उमटल्या होत्या. त्याने चकती टेकवली, पुसली, पुन्हा टेकवली.

एक पॉइंट दोन.

‘मावशी, मंगळवारी तीन होता. मधे काय केलंस?’

‘काही नाही. पाहुणे आले होते.’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने वाकून पंपाचं बटण चालू केलं. गादी फुगायला लागली. जाताना चिवडाही खाल्ला नाही. मीच म्हटलं घे ना, तर म्हणाला भूक नाही.

मला त्याचा राग आला. एवढ्या माणसांपुढे ह्यांना उघडं ठेवायचं होतं का मी? लोक काय म्हणाले असते? पावडर लावायची दोन दिवस राहून गेली, त्याने झालं असेल. कोलन वॉटरने कातडी कोरडी पडते असंही ऐकलंय.

मी यंत्र घेऊन पुन्हा लावून बघितलं. तेच.

बुधवार, १० सप्टेंबर

आज तांबडा डाग आला. सकाळी फिकट, संध्याकाळी जांभळट. बोटाने दाबला तर पांढरा होत नाही. ओजसने हेच सांगितलं होतं, दाबून पांढरा झाला नाही तर वेळ गेली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

फुटलं.

टॉवेल उचलला तर त्याला चिकटून कातडी आली. खाली ओलं, लालभडक, मधे पिवळट. वास. हा वास मी ओळखते, सासऱ्यांच्या खोलीत होता. तेव्हा मी दारातूनच परत गेले होते आणि नवी सून म्हणून कोणी काही बोललं नव्हतं.

डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं. म्हणाले, अजून वरवर आहे, हाड लागलेलं नाही. साखर ताब्यात ठेवा, आणि पाठीवर एक मिनिट ठेवायचं नाही, बसवायचं तर नाहीच. पंधरा दिवसांत भरायला लागलं तर वाचतील. ओजसला विचारलं, यंत्र लावू का. तो म्हणाला, नको, उघड्या जखमेवर ते चालत नाही. तिथलं काम संपलं. आता खुब्यांवर लाव, टाचांवर लाव. नवीन ठिकाणी होऊ देऊ नकोस.

मालनचा नंबर लावला. यायची का परत, म्हटलं. ती पवईला एका घरी लागलीय. आवाज चढवला नाही तिने. ‘ब्युरोनं मला तुमचं बोलणं ऐकवलं बाई. फोनवर भरून ठेवतात ते. त्या घरातसुद्धा विचारलं मला, तू घाणेरडी आहेस का म्हणून.’ मग तिने ह्यांची चौकशी केली. मी म्हटलं, बरे आहेत.

स्वतःच्या तोंडातला तो शब्द ऐकून मला शिसारी आली. चोळणं तिचं होतं. बसवणं माझं होतं. शर्ट माझा, चादर माझी, बंद पंप माझा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं मी प्रेमाला मनात म्हणायची. घरात सगळ्यात घाणेरडं कोण होतं ते आता लिहायला नको.

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळी प्रेमाला निरोप दिला, खाली कोणी विचारलं तर आज भेट नाही म्हणून सांग. बऱ्याच जणांना तिने परत पाठवलं. मला वाटलं दिवस निभावला.

चारला बेल वाजली. धोंडिराम भावजी. त्यांना प्रेमाने अडवलं असणार, पण ते अडणारे नाहीत. एकटेच, गुडघ्यांचं दुखणं, जिना चढून धापा टाकत होते. लिफ्ट बंद आहे. हातात गावच्या विहिरीच्या पाण्याची बाटली.

मी दारातच उभी राहिले. म्हटलं, आज बसवता येणार नाही त्यांना. ते म्हणाले, जरा टेकू देऊन बसव गो, दोन शब्द बोलतंय आणि जातंय. मी पुन्हा म्हटलं, नाही. त्यांचा चेहरा उतरला. थोरल्या दिराला दारातून परत पाठवलं, हे आमच्या गावात तीन पिढ्या बोललं जाईल हे मला माहीत होतं. ते वळले. एक पायरी उतरलेही.

मला काय झालं कोण जाणे. मी त्यांच्या दंडाला धरलं, आत नेलं, आणि ह्यांच्या अंगावरची चादर पार कमरेखाली ओढली. हे भिंतीकडे तोंड करून कुशीवर होते. ड्रेसिंग भिजून पिवळं झालं होतं, बदलायची वेळ झाली होती. खोलीत वास कोंडला होता. खिडकी बंदच ठेवलेली, वास खाली जाऊ नये म्हणून.

‘बघा,’ मी म्हटलं. ‘समाचाराला आलात ना? ही बघा पाठ. दर रविवारी तुमच्यासमोर बसवून बसवून ही अशी झालीय.’

भावजींनी रुमाल नाकाला नेला. सगळे नेतात. मी मनात म्हटलं, जा आता, आणि गावभर सांगा. ह्यांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती, डावा हात भिंतीवर पालथा. त्यांना सगळं ऐकू जातं, हे मी त्या क्षणी विसरले होते.

भावजींनी रुमाल काढला, घडी करून खिशात ठेवला. चादर माझ्या हातातून घेऊन ह्यांच्या खांद्यापर्यंत घातली. मग कॉटला वळसा घालून पलीकडे गेले. कॉट आणि भिंत यांच्या मधे केवढी जागा, खुर्चीसुद्धा मावत नाही. शहात्तर वर्षांचा माणूस, भिंतीला पाठ घासत, ‘आई गे, आई गे’ करत हळूहळू खाली बसला. फरशीवर. फक्त डोकं दिसत होतं, ह्यांच्या तोंडासमोर.

‘काय रे श्यामा,’ म्हणाले. आणि मग तिथूनच मला, ‘त्येका बसवन दाखवूक होयो, असां कोणी सांगल्यान तुका?’

रागाने नाही. खरंच विचारत होते.

भावजींनी बाटलीतलं पाणी चमच्याने ह्यांच्या ओठांना लावलं आणि विसर्जनाच्या दिवशी कोण पाण्यात पडला ते सांगायला लागले. ह्यांचा डावा हात भिंतीवरून खाली आला, त्यांच्या टकलावर थापा मारायला लागला. हे हसत होते. पाठीमागून मला चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते.

मी खिडकी उघडली. चहा ठेवायला आत गेले. आधण उकळून अर्धं झालं तरी मी तिथेच उभी, ह्यांना बसवून दाखवायलाच हवं असं कोणी सांगितलं होतं ते आठवत. सासूबाई नाही. प्रेमा नाही. मंडळातलं कोणी नाही. ह्यांनी तर नाहीच. एकेक चेहरा डोळ्यांपुढे आणून बघितला. एकाचंही नाव येईना.